बेडशाच्या पठारावर मुलींना नेताना

बाई, परवा मी शाळेतल्या मुलींना घेऊन बेडशाच्या लेण्यांवरच्या पठारावर मुक्कामाला जाते आहे. मी तुमच्या वर्गात असताना तुम्ही आम्हांला नेलं होतंत, तिथंच. पाण्याची सोय पाहून आले, गावात विचारून आले, मुलींच्या घरी जाऊन आयांशी बोलले. पण लढाईमुळे रॉकेल मिळत नाही, स्टोव्ह नेता येणार नाही. लाकडंच पेटवावी लागणार, आणि तिथंच मी अडते.

त्या वेळी गावातले एक आबा तुमच्याबरोबर वर चढले होते. तुम्ही त्यांना विचारलंत, "मुली राहिल्या तर चालेल ना?" ते म्हणाले, "ऱ्हावा की. पन गवात लय वाळलंय, बाई. जाळ कुटं करनार, त्ये आदी दावा मला." तुम्ही जागा दाखवलीत, खड्डा खणून घेतलात, आणि तंबू सोडायच्या आधी आमच्या हातात विळे दिलेत. तळाभोवतीचं सगळं गवत कापायचं. तळवे सोलले. "सहलीला आणलंय की गवत कापायला?" असं मी मैत्रिणीला म्हणाले. ते तुम्हांला ऐकू गेलं. "त्या कडेचं राहिलंय अजून," एवढंच बोललात.

दुपारी जेवणं झाली, आपली चूल तुम्ही स्वतः पाणी ओतून विझवलीत. आम्ही भांडी घासत होतो, तेवढ्यात खालच्या उतारावरून धूर आला. कुणाच्या विडीनं लागलं की कशानं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. वाऱ्याबरोबर तडतड आवाज वर येतो आहे, ससे आमच्या पायांतून पळताहेत, आणि मग गवताच्या वर ज्वाळा दिसतात. मी वाटेकडे धावले. खाली गाव होतं, गावापलीकडे घर, घरी आई होती, एवढंच डोक्यात. तुम्ही मागून माझी वेणी धरलीत आणि अशी थोबाडीत मारलीत की मी खालीच बसले. "कुणीही जागचं हलायचं नाही! मधोमध बसा, तोंडं झाका!" भांड्यांच्या पाण्यात तुम्ही भिजवून दिलेल्या घोंगड्यांखाली आम्ही एकमेकींना घट्ट धरून बसलो. श्वास घेववत नव्हता. कुणीतरी रामरक्षा म्हणत होतं, तिचे शब्द चुकत होते. तुम्ही मात्र घोंगडीबाहेर उभ्या होतात, उडून येणाऱ्या ठिणग्या पायानं विझवत.

आग गवत कापलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली. गावकरी हिरव्या फांद्या घेऊन धावत आले, तेव्हा मी ज्या वाटेनं पळणार होते ती काळी पडलेली, धुमसत होती. "पोरी हायेत का समद्या?" आबा लांबूनच ओरडत होते. तुम्ही "आहेत" म्हणालात आणि मग मटकन खाली बसलात. तुमच्या लुगड्याचा काठ जळला होता, पायांना फोड आले होते. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर तुम्हांला तो धरता येईना. मीच तुम्हांला पाणी पाजलं. माझ्या गालावरून हात फिरवून तुम्ही म्हणालात, "लागलं का गं फार?"

पुढच्या वर्षी शाळेनं मुक्कामाच्या सहली बंद केल्या. त्याला तुम्ही विरोध केलात, असं नंतर ऐकलं. पुढे तापानं तुम्ही गेलात. आगीत घोंगडीबाहेर तशा उभ्या होतात तेव्हा तुम्हांला काय वाटत होतं, हे विचारायचं राहिलं. आता त्या सहली पुन्हा सुरू होताहेत, पंचवीस जणींच्या आयांनी "तुमच्या भरवशावर पाठवतो" म्हटलं आहे, आणि मला झोपताना डोळ्यांसमोर गवत दिसतं.

हे लिहून टाक-दौत ठेवायच्या पेटीच्या तळाशी ठेवणार आहे. दुसरं कुठं ठेवू? पण एक सांगते. आज मोठ्या बाईंनी मला बोलावून विचारलं, "मनात धाकधूक असेल तर रद्द करू या का?" मी त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत "नको" म्हणाले. त्यांना वाटलं, केवढी धीट आहे ही. बाई, मी क्षणभर जरी थांबले असते, तर हो म्हणाले असते.