बारा एरर आणि माझी सही

७ मार्च १९८८
गायधनीसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पगाराचं काम आता कॉम्प्युटरवर; पगारेबाईंनी लिहिलेला टेस्टचा कोड मी तपासायचा. एप्रिलमध्ये सुपरवायझरची जागा भरणार. आणखी काय सांगायला हवं? यशोदाला सांगून टाकलं. तिनं सासरी-माहेरी दोन्हीकडे कळवलं.
संकल्प: रोज दोन तास ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणे.

८ मार्च
मॅन्युअल उघडलं. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढाव्या लागतात. तिथल्या एसीनं पाय गारठले. सर्दी. उद्यापासून.

१० मार्च, दुपारी ३
पगारेबाई समजावायला आल्या. पोरगी हुशार, पण बोलते फार. म्हणे प्रत्येक कर्मचाऱ्याच्या रेकॉर्डमध्ये काही फील्डं, म्हणजे रकाने, उघडी, काही कुलूपबंद. साहेबांचा गोपनीय शेरा कुलपात. मी म्हटलं, बाई, वीस वर्षं सर्व्हिस झाली माझी, कुलूप मला शिकवू नका.

१४ मार्च
वीस टेस्ट चालवल्या. आठ ठीक. बाराला एरर! ‘या फील्डला हात लावता येणार नाही.’ आणि ही म्हणे हुशार!
बाई सांगायला लागल्या की एरर यायलाच हवी, तीच तर टेस्ट. हसू आवरलं. स्वतःच्या चुकीला परीक्षा म्हणणारी माणसं आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

१५ मार्च
बाई रजेवर. संधी साधली. पगाराच्या प्रोग्रॅममध्ये त्या फील्डांपुढे ‘खासगी’ असा शब्द होता, तोच सगळ्या भानगडीचं मूळ. खोडला. एकही एरर नाही, वीसच्या वीस पास!! रिव्ह्यू फॉर्मवर ठळक सही केली. ही भाषा अवघड आहे असं उगाच म्हणतात.

१७ मार्च
बाई परत आल्या. फॉर्म पाहून म्हणाल्या, साहेबांना सांगू का. म्हटलं, सही झालेल्या कोडला आता हात लावू नका; साहेबांना मीच सांगेन, श्रेयात तुमचंही नाव घालतो. मोठेपणा लागतो त्याला.

३१ मार्च, सायंकाळी
पगाराच्या स्लिपा निघाल्या. स्लिपेचा प्रोग्रॅम उघडी असतील ती सगळी फील्डं छापतो, हे मला कोणी सांगितलं होतं का? झिपरू शिपायाला प्रत्येक स्लीप मोठ्यानं वाचून वाटायची सवय. माझी वाचली: ‘शेरा: तपासायला दिलेलं समजून न घेता सही करतात. बढतीसाठी शिफारस नाही. गायधनी.’
शेऱ्याखाली तारीख जानेवारीतली, म्हणजे हे काम मला मिळण्याआधीची.
आधी कुणीतरी हसलं, मग सगळेच. लाज वाटली. खरंच वाटली.
साहेबांकडे तक्रार घेऊन गेलो की गोपनीय गोष्ट छापलीच कशी. त्यांनी माझ्या सहीचा रिव्ह्यू फॉर्म पुढे सरकवला.
यशोदाला अजून सांगितलेलं नाही.

१ एप्रिल
सुपरवायझर: चंद्रभागा पगारे. आज कॉम्प्युटरच्या खोलीत त्यांच्या टेबलाशी खुर्ची ओढली आणि विचारलं, बाई, कुलूप म्हणजे नेमकं काय?
त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, आधी चपला बाहेर काढून या.