ओल्या चादरीचं वजन

प्रिय ठमे,

अक्षर वाकडं आहे, हात नाही. चौथीपर्यंतच शिकले, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

न्हाणीत पडून मांडीचं हाड मोडलं, तेव्हा तू मला तुझ्या घरी नेलंस. हाड सांधलं, तरी पुढे चार महिने तू मला पलंगावरून हलू दिलं नाहीस. चप्पल उचलायला वाकले तरी तू आणि तुझा बाप असे धावायचात, जणू मी चोरी करतेय. खोटं कशाला बोलू, मलाही ते गोड लागलं. इस्पितळाच्या धुलाईखान्यात अडतीस वर्षं ओल्या चादरी पिळल्या, आयता चहा कधी कोणी दिला नव्हता. जेवण तेच, तरी साखर चढत गेली. गोळ्या वाढल्या, मग इन्सुलिनची सुई आली. आणि तू माझ्या उशीखाली बिस्किटं शोधायचीस!

खरी चोरी मांड्यांत झाली होती. व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली, अंगातलं मांस म्हणजे साखरेचं कोठार. जेवणातली बरीचशी साखर तेच रिचवतं. ते झडलं की साखर रक्तात भटकत राहते. माझ्या मांड्यांच्या तर काड्या झाल्या होत्या. तिनं एक किलोची पिशवी उचलायला दिली, तीही जड गेली. लाज वाटली गं.

इथं माझ्या घरी परतून पाच महिने झाले. रोज हात न टेकता खुर्चीवरून उठते, बसते. मग बादलीत ओली चादर टाकून बादली उचलते. एका चादरीनं सुरुवात केली, आज तीन आहेत. पहिल्या आठवड्यात पाय लटपटले, तेव्हा खालच्या शिंपीणबाईनं शिव्या घातल्या. आता तीही उठाबशा काढते. डॉक्टरांनी सुई बंद केली, गोळी ठेवली. दुखणं पुरतं गेलं असं म्हणत नाही. म्हातारपणी मांस हट्टी असतं, पण मी त्याचीही आजी आहे.

शनिवारी तुम्ही गाडी घेऊन येताय, मला त्या वृद्धांच्या घरी न्यायला, जिथं घंटा वाजवली की सगळं हातात मिळतं. तुम्ही शिंपिणीला कळवलंत, तिनं मला सांगितलं. ठमे, तुझ्या आजोबांना मी अशीच माया लावून तीन वर्षं खाटेवर ठेवलं. पडून पडून गेले ते. हे आजवर कोणाला बोलले नाही. माझी माया खोटी नव्हती, तुझीही नाही. पण मी येणार नाही. गाडी आणू नका, नुसते या. चौपन्न पायऱ्या आहेत. दम लागला तर मधे थांबा, मी खाली येऊन हात देईन.

तुझीच, तिसऱ्या मजल्यावरून न हलणारी,
आजी