सासूबाईंची साक्ष

मंगळवार, संध्याकाळ. विद्यानगर, आईकडे.

चिक्कडपल्लीच्या वकीलबाईंनी आज दोन्ही वाटा समजावल्या. संमतीने घटस्फोट घेतला तर लवकर सुटका. पण अजय म्हणतो, "माझी सही हवी तर ईरा माझ्याकडे राहील." एवढीशी पोर मी कशी सोडू? लढून घ्यायचा तर त्याची मारहाण कोर्टात सिद्ध करायची. ती पाहिली फक्त सासूबाईंनी.

म्हणून कुकटपल्लीला सासरी त्यांना फोन केला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी आधी स्वयंपाकघरातला नळ सोडला, मग हळूच म्हणाल्या, "बोलावलंस तर मी खोटं बोलणार नाही गं. पण खरं बोलल्यावर राहू कुठं? तो मला घरात ठेवील का?"

तो नळ अजून कानात वाहतोय. इकडे ईरा, तिकडे सासूबाई; कुठूनही गेलं तरी माझंच माणूस जातंय. किती परेशान व्हावं माणसानं?

शेवटी वकीलबाईंना कळवलं, केस लढायची, पण साक्षीला सासूबाई नकोत.

"मग केस उभी कशावर करू?"

"माझ्या शब्दावर," म्हटलं.