वारा आणि व्याही

ती. बाईस,

यादोरावचा दंडवत. गुडघे कसे आहेत? इकडे धानाची रोवणी आटोपली, तुझी भावजय नंदाबाई खुशाल आहे. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र.

आमच्या दामिनीच्या लग्नात व्याही बकारामांशी पंगतीवरून वाजलं, तेव्हा तू मला शपथ घातलीस की त्यांनी बोलावल्याशिवाय त्यांच्या दारात पाऊल ठेवायचं नाही. (भांडण सुरू तूच केलंस, पण ते असो.) दोन वर्षं पाळली. तेही अडून बसले, दामिनीला बाळंतपणालासुद्धा धाडलं नाही. नातू सहा महिन्यांचा झाला, तो मी फक्त मोबाइलवर पाहिला. जीव तुटायचा.

तर आपल्या तलावावर तीन दिवसांचं शिबिर आलं, विंडसर्फिंगची ओळख. म्हणजे एक लांब फळी, तिच्यावर शीड आणि शीड धरून उभा असलेला एक मूर्ख. सुकाणू नाही, इंजिन नाही. शीड पुढे कललं की फळी वाऱ्यापासून दूर वळते, मागे कललं की वाऱ्याकडे. पोहता येणारे कमी पडले म्हणून शिकवणाऱ्या भूपेंद्रने माझं नाव लिहिलं. पहिल्या तासात मी अकरा वेळा पडलो. शिंगाड्याचे वेल अंगाला असे गुंडाळले की कोहमाऱ्याच्या बाजारात बसवलं असतं तर वजनावर विकलो गेलो असतो.

दुसऱ्या दिवशी वारा उठला, शीड भरलं आणि फळी सुटली. वळायचं तिसऱ्या दिवशी शिकवणार होते, त्यामुळे मी सरळ पलीकडच्या, व्याह्यांच्या गावच्या काठाला लागलो. तिथे व्याही बैल धूत होते. फळी आणि शीड न्याहाळून म्हणाले, "काऊन व्याही, सडक बंद होती काय?"

मी म्हणालो, "वाऱ्यानं आणलं."

"मंग वारा पडेपर्यंत घरी चला. च्या घ्या."

हे बोलावणंच झालं, बाई. शपथ मोडली नाही. नातवाने मांडीवर बसून मिशी ओढली, मला रडू आलं. व्याहीही नाक पुसत होते. फार हलकं वाटतंय, आता रात्री झोप लागते.

तुझा धाकटा भाऊ,
यादोराव

ता. क. व्याह्यांनी रविवारी तुलाही जेवायला बोलावलंय. नक्की ये, आणि पंगतीत गप्प बस.

आणखी ता. क. तुझ्याशी खोटं बोलवत नाही. वळायला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, आणि अख्ख्या शिबिरात ते मलाच नीट जमत होतं.