थिरा नव्हे, थिरासिया

रविवार, १२ मार्च २०१७, सिंगापूर
आजपासून रोज लिहायचं. मॅनेजर माणसाकडे स्वतःचं रेकॉर्ड हवं.

मधुवंतीला पुण्याहून फोन आला. ती जिथे शिकली त्याच आर्किटेक्चर कॉलेजात शिकवायला बोलावताहेत. ऑगस्टपासून. जुलैच्या मध्यापर्यंत कळवायचंय. हे तिने चहा गाळता गाळता सांगितलं, म्हणजे सीरियस नसावं. आमची गार्गी सप्टेंबरात मँचेस्टरला शिकायला जाणार, त्यामुळे ही जरा हलली आहे. साहजिक आहे. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, तू काय बघणार आहेस. प्रश्न नीट कळला नाही.

लग्नाच्या बावीस वर्षांत आम्ही तिघं मिळून मोठी ट्रिप अशी केलीच नाही. दर वर्षी माझं काहीतरी निघतं. हीच गोष्ट साचली असणार. उपाय: ग्रीस.

मंगळवार, १४ मार्च
जेवताना जाहीर केलं. गार्गीने मोबाइलमधून मान वर काढली. मधुवंती म्हणाली, खरंच जायचं असेल तर एकाच बेटावर जाऊ, एका जागी शांत बसू.

म्हणजे तिला बेटं हवी आहेत. मी चार धरली आहेत.

शुक्रवार, १४ एप्रिल
गुड फ्रायडे. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा विक्रांत जवळच्याच यिशुन भागातून बायकोला घेऊन आला होता. नीलिमाने श्रीखंड आणलं होतं. ते दोघं मागच्या वर्षी ग्रीसला जाऊन आले, तेव्हापासून विक्रांत त्या देशाचा राजदूत असल्यासारखा बोलतो. एक किंवा दोनच बेटं कर. पहिल्या दिवशी फेरी पकडू नकोस, अथेन्सला मुक्काम कर. उन्हाळ्यात वारा सुटतो, बोटी बंद पडतात. बॅगा लहान ने, सगळीकडे पायऱ्या आहेत. गाडी चालवायची तर इंटरनॅशनल परमिट काढ.

मधुवंती हे सगळं लिहून घ्यायला निघाली होती. मी म्हटलं, राहू दे, माझ्या लक्षात आहे. मनात आलं, हा माणूस ऑफिसात स्वतःची मीटिंग वेळेवर सुरू करू शकत नाही.

ते गेल्यावर मधुवंतीने विचारलं, हॉटेल मी शोधू का? सरप्राइज आहे म्हणून सांगितलं.

रविवार, ३० एप्रिल
आजचा दिवस माझा. सांतोरिनीला ग्रीक लोक थिरा म्हणतात, हे विक्रांतला माहीतही नसेल. मी सरळ ग्रीक नावाने शोधलं. ऐन जुलैत, कड्यावर, समोर सगळा समुद्र, गच्चीसकट खोली, आणि भाव इतका कमी की डोळे चोळले. पत्त्यात थिराचं स्पेलिंग जरा लांब आहे. थिरासिया. विभक्ती लागली असणार, संस्कृतसारखी. पैसे परत न मिळण्याच्या अटीवर बुक केलं. कॅन्सल करतं कोण?

सोमवार, १२ जून
व्हिसाचे अर्ज आज दिले. मधुवंती एप्रिलपासून मागे लागली होती, पण तेव्हा माझा प्रोजेक्ट लाइव्ह जात होता. खिडकीपलीकडच्या बाईने तारीख बघून विचारलं, इतक्या उशिरा? मी हसून म्हटलं, आमचं सगळं प्लॅन्ड असतं. ती हसली नाही.

बाहेर आल्यावर मधुवंती म्हणाली की व्हिसा नाही मिळाला तरी चालेल, तिला वाईट वाटणार नाही. किती समजूतदार बाई आहे.

शुक्रवार, ७ जुलै
पासपोर्ट आज हातात आले, उद्या विमान. मी एकटाच शांत होतो.

पॅकिंग माझ्या देखरेखीखाली. दोन सगळ्यात मोठ्या बॅगा. राइस कुकर, इस्त्री, चिवडा, मेतकूट, माझा ब्लेझर, लेदरचे बूट. मधुवंती आणि गार्गी एकेक पाठीवरची सॅक घेणार म्हणे. बायका इतकं कमी सामान नेतात तेव्हा त्यांना नंतर तुमच्यातलं लागतं. परमिटचं राहिलं. सिंगापूरचं लायसन्स जगात चालतं.

रविवार, ९ जुलै, अथेन्सचं बंदर
पहिल्या बेटाची बोट चुकली. चूक कोणाचीच नाही. विमान वेळेवर आलं. पण हे बंदर म्हणजे एक गाव आहे, आणि आमचं गेट आम्ही उतरलो तिथून दुसऱ्या टोकाला. मला वाटलं होतं आपल्या सिंगापूरच्या हार्बरफ्रंटसारखं असेल, एक जिना चढला की बोट. उन्हात बॅगा ओढत धावलो. इस्त्रीवाल्या बॅगेचं चाक रुळात अडकून निखळलं. आम्ही पोचलो तेव्हा बोटीचा मागचा दरवाजा वर चढत होता.

पहिलं बेट रद्द. दुसरंही, कारण तिथली बोट पहिल्या बेटावरून होती. मधुवंती एका खांबाच्या सावलीत बसून पाणी पीत होती. चिडली नाही. विचारलं, तर म्हणाली, चिडून संपलं माझं. चांगलं लक्षण.

मंगळवार, ११ जुलै
सांतोरिनीला पोचलो. टॅक्सीवाल्याला पत्ता दाखवला. त्याने तो दोनदा वाचला, चष्मा वर केला आणि समुद्राकडे बोट दाखवलं. पाण्यापलीकडे एक वेगळंच बेट. तपकिरी, उभं, माथ्यावर पांढरी घरं सांडल्यासारखी.

गार्गी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, दॅट वन अनदर आयलंड, लाह."

थिरा वेगळं, थिरासिया वेगळं. वेबसाइटने हे ठळक लिहायला हवं होतं. (लिहिलं होतं, असं गार्गी म्हणते.) इथून तिकडे छोटी होडी जाते. तिथे उतरल्यावर धक्क्यापासून गावापर्यंत कड्याला खोदलेल्या पायऱ्या. संपतच नाहीत. मधुवंती आणि गार्गी सॅक लावून वर गेल्या. मी दोन बॅगा घेऊन अर्ध्यावर बसलो असताना एक गाढव माझ्याकडे बघत बाजूने गेलं. शेवटी गाढववाल्याने बॅगा नेल्या. राइस कुकर गाढवावरून गेला, हे ऑफिसात सांगायचं नाही.

मालकीण इरिनी नावाची बाई आहे. विधवा, साठीची. इंग्रजी मोजकंच. मधुवंतीने तिच्या स्वयंपाकघरात डोकावून काहीतरी विचारलं आणि दोघी भाजी चिरत बसल्या. इथे दुसरं काहीच नाही. दुकान एक. दुपारी तेही बंद. मधुवंती गच्चीवर जाऊन म्हणाली, अरे, हेच तर हवं होतं.

मला वाईट वाटू नये म्हणून बोलली.

बुधवार, १२ जुलै, सांतोरिनी
मी हार मानणारा नाही. सकाळच्या होडीने एकटाच इकडे आलो. चांगलं हॉटेल ठरवायचं, संध्याकाळी दोघींना घेऊन यायचं. मधुवंती म्हणाली, नको ना जाऊस, बस इथे. मी म्हटलं, तुझ्यासाठीच चाललोय.

सगळी हॉटेलं भरलेली. एका ठिकाणची मुलगी म्हणाली की जुलैसाठी लोक जानेवारीत बुक करतात. क्वाड बाइक भाड्याने घ्यायला गेलो. दुकानदाराने परमिट मागितलं. मी सिंगापूरचं लायसन्स पुढे केलं, आणि इतर देशांत त्याला कसा मान आहे ते समजावलं. त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. उन्हात चालत फिरलो. लेदरच्या बुटांनी टाचा सोलल्या.

संध्याकाळी धक्क्यावर आलो. वारा सुटलाय. होड्या बंद.

गुरुवार, १३ जुलै
वारा. टेबलावरचा कप आपोआप सरकतो. होड्या उद्याही नसतील, असं कॅफेवाला म्हणाला. समुद्रापासून लांब, पाण्याच्या टाकीमागे एक खोली मिळाली. भाव लिहीत नाही.

मधुवंतीला फोन केला. घाबरू नकोस, मी मार्ग काढतोय म्हटलं. मागून गार्गीच्या हसण्याचा आवाज येत होता. इरिनीबाई त्यांना डोळे मिटून सागरगोट्यांसारखं काही खेळायला शिकवतेय म्हणे. मधुवंती म्हणाली, आम्ही मजेत आहोत, तू जेवलास का?

धीराची आहे. आवाजात जरासुद्धा कंप नव्हता.

शुक्रवार, १४ जुलै
आजही वारा.

इथला सूर्यास्त जगप्रसिद्ध आहे. भिंतींवर, छपरांवर, पायऱ्यांवर माणसंच माणसं. मीही उभा राहिलो. सूर्य जिकडे उतरतो त्याच्या थोडं डावीकडे थिरासिया. हे सगळे लोक माझ्या बायको-मुलीच्या दिशेने कॅमेरे रोखून उभे. सूर्य गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या जोडप्याने मला त्यांचा फोटो काढायला सांगितला. काढला. तुमचा काढू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझी माणसं तिकडे आहेत.

पलीकडे दिवे लागले. आमची गच्ची कुठली, ते ओळखता येईना.

उद्यापासून सगळं ऐकायचं तिचं. ठरलं.

शनिवार, १५ जुलै, थिरासिया
वारा पडला. पहिल्या होडीने परत आलो. पायऱ्या रिकाम्या हातांनी चढलो तर तितक्या वाईट नाहीत.

दोघी काळवंडल्या आहेत आणि कसं सांगू, भरल्यासारख्या दिसताहेत. गार्गीने इरिनीबाईची भिंत रंगवून दिली. मधुवंतीने गावातल्या जुन्या, डोंगरात खोदलेल्या घरांची चित्रं काढली. बावीस वर्षांत मी तिच्या हातात पेन्सिल पाहिली ती गार्गीच्या शाळेच्या प्रोजेक्टपुरती. मी म्हटलं, छान आहेत, पण आता आवर, चौथ्या बेटाची बोट दुपारी आहे. तिने ते बुकिंग कालच रद्द केलंय. अथेन्सचं तिकीट एक दिवस अलीकडे घेतलंय, वाऱ्याचा भरवसा नाही म्हणून. मूळ प्लॅनमध्ये तेवढी लवचीकता ठेवली होती, त्याचा उपयोग झाला.

संध्याकाळी गच्चीवर दोघंच होतो. तिने सांगितलं की काल तिने पुण्याला फोन करून हो म्हटलं.

मी म्हटलं, एवढा मोठा निर्णय, माझ्याशी बोलायला हवं होतंस. त्यावर ती आवाज न चढवता म्हणाली, "निशी, मार्चपासून बोलतेय. तीन दिवस तू नव्हतास, तर मला कळलं की मला घाई नाहीये, भीती नाहीये. मी जाते आहे. भांडून नाही जात."

मी विचारलं, परत कधी येणार? तिने समोर बघितलं आणि माझ्या ताटलीत टोमॅटो वाढला. भात भरलेला. तो खाल्ला.

इथली हवा मानवली आहे तिला. अशा हवेत माणूस मोठे निर्णय घेतो. वुडलँड्सला घरी पोचलो की उतरेल.

बुधवार, १९ जुलै, सिंगापूर
उतरलं नाही. तिने पुस्तकांचे खोके भरायला घेतले. मी ऑफिसात. विक्रांतने ट्रिप कशी झाली विचारलं. ऑफबीट, असं सांगितलं. टूरिस्ट जातात तिकडे आम्ही गेलोच नाही. तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला की नीलिमाला मधुवंतीने सगळं सांगितलंय, आणि संध्याकाळी घरी जेवायला ये. मी म्हटलं, बिझी आहे.

बुधवार, ९ ऑगस्ट
नॅशनल डे. आमच्या ब्लॉकच्या सगळ्या गॅलऱ्यांना झेंडे. गार्गीने आणि मी मिळून आमचा लावला. तिने विचारलं, "बाबा, यू ओके ऑर नॉट?" मी म्हटलं, मी ओकेच असतो. ती थोडा वेळ माझ्या खांद्याला टेकून उभी राहिली. लहान असताना करायची तसं. मला काहीतरी बोलायचं होतं. झेंडा तिरका लागलाय, असं बोललो.

शनिवार, १२ ऑगस्ट
मधुवंतीला चांगी विमानतळावर सोडलं. सामान एकच बॅग. सहा महिने बघू, असं मी म्हटलं. ती म्हणाली, जेवत जा वेळेवर. आत जाताना वळून हात केला. मी तेव्हा पार्किंगचं मशीन कुठे आहे ते बघत होतो. गार्गीने सांगितलं नंतर.

रविवार, १० सप्टेंबर
गार्गी काल गेली. आज घर आवरलं. संकल्प: रोज स्वयंपाक. रोज चालणं. दर रविवारी दोघींना व्हिडिओ कॉल. आज दोघींनी उचलला नाही, पण वेळा जमत नाहीत सुरुवातीला.

बुधवार, १८ ऑक्टोबर
दिवाळीची सुट्टी. इथल्या मराठी मंडळाच्या फराळाला गेलो. लोक विचारतात, वहिनी कधी येणार? मी सांगतो, प्रोजेक्ट बेसिसवर गेली आहे. नीलिमा शेजारीच होती. तिने माझ्या बशीत आणखी एक करंजी ठेवली आणि दुसरीकडे बघत राहिली.

संध्याकाळी मधुवंतीचा फोन. आवाज छान होता. मुलं हुशार आहेत म्हणे, प्रश्न फार विचारतात. कॉलेजजवळ स्वतःचा फ्लॅट घेतलाय भाड्याने. मी म्हटलं, डिसेंबरात येतो, सगळं ठरवू एकदा. ती लगेच ये म्हणाली. नक्की ये, फक्त किती दिवस ते आधी कळव. पाहुण्यांची खोली वेगळी आहे, तिथे पलंग टाकून घेते.

पाहुणे म्हणजे तिचे आई-बाबा वगैरे येत असणार.

नाही. मीच.