गप्प म्हणजे नाही

११ जून
पोचलो एकदाचा विदर्बी गावाला. न्यू जर्सीपासून गाडी हाकून पाठीचा पार भुगा झालाय, पण मन असं खूश आहे की काय सांगू. लायल पिंकहॅम, म्हणजे इथल्या आमच्या मंडळींचा म्होरक्या, रस्त्यावरच वाट बघत उभा होता. मला मिठी मारून म्हणाला, ये बाबा गॅरेट, सुटलास एकदाचा. सरकारने माणसाच्या वाटेला जाऊ नये असं मानणारे आम्ही लोक देशभरातून एकेक करून न्यू हॅम्पशायरात येऊन वसतोय. त्यातले पंधरावीस जण इथे, या डोंगरावर आहेत.

माझ्या बायकोचा, टेसाचा हा ध्यास माझ्याही आधीचा, तिच्यामुळेच मी या वाटेला लागलो. मी आधी राहून बघायचं आणि पसंत पडलं की तिने आमच्या लेकीला, रेनला घेऊन कायमचं यायचं, असं ठरलंय. रेन सहा वर्षांची आहे, तिला इथे अस्वल दिसणार याचंच कौतुक. तिकडची मला आता शिसारी आली आहे. नगरपालिकेचा तो घामट माणूस कोंबड्यांचं खुराडं मोजायला सरळ परसात घुसला होता आणि टेसा ओल्या केसांनी टॉवेल आवळत उभी. 

१२ जून
इथली रीत फार आवडली. प्रत्येकाच्या जागेच्या तोंडाशी पांढरा रंगवलेला एक धोंडा आहे. धोंड्याशी उभं राहून हाक मारायची. आतून 'ये' आलं तर जायचं, नाही आलं तर मुकाट मागे फिरायचं. गप्प म्हणजे नाही. मग तो सख्खा भाऊ का असेना. खूण चालत नाही, चिठ्ठी चालत नाही, शब्द तोंडातूनच निघायला हवा. लायलची बायको कोरीन सांगत होती की लग्नाला बारा वर्षं झाली तरी याच्या कामाच्या खोपीत मी न विचारता पाऊल टाकलेलं नाही. लायल लगेच म्हणाला, म्हणूनच टिकलंय बाई आपलं.

सकाळी तिने मक्याचे घावन आणि मेपलचा पाक दिला. मी इथे घेतलेल्या खोलीत नळाला झऱ्याचं पाणी येतं, बर्फासारखं गार. पोटभर प्यालो.

१५ जून
माझ्या वर चढावर एव्हरेट स्टोप नावाच्या म्हाताऱ्याचं घर आहे. इथे आलेल्यांतला हा पहिला, आणि धोंड्याची रीतही त्याचीच. मी आल्यापासून त्याचा पत्ता नाही. येताजाता सगळे त्याच्या धोंड्याशी थांबून हाक मारतात, जरा थांबतात आणि टोपीला हात लावून निघून जातात. मीही मारली.

त्या धोंड्यावर मात्र भलतंच दिसलं. कोरीनने त्याच्यासाठी ठेवलेली, सफरचंदाचा गर भरून भाजलेली ॲपल पाय, कुणीतरी आणलेले ट्राउट मासे, घेवड्याचं भांडं. सगळं सडून एकात एक मिसळलंय आणि वरचा थर हलतोय. अळ्या. मी म्हटलं, उचलून टाकतो. कोरीनने माझा हात धरला. दिलेली वस्तू त्याची झाली, म्हणाली, दुसऱ्याच्या मालाला हात लावायला आपण काय सरकारी माणसं आहोत? आणि आज तिने त्याच ढिगावर ताजी ॲपल पाय ठेवली.

१८ जून
आता एव्हरेटच्या घरातूनच वास येतो, थेट माझ्या खोलीत. गोडसर. जेवताना घासाबरोबर तोंडात जातो.

लायलच्या अंगणात मांस भाजायचा बेत होता. तिथे हा विषय निघाला आणि तास दीड तास वाद रंगला, की धोंड्याबाहेर येणारा वास हे अतिक्रमण धरायचं की नाही. एक जण म्हणाला, लवाद नेमा. दुसरा म्हणाला, लवादाला दोन्ही बाजूंचा होकार लागतो, म्हातारा कुठे देतोय. लायल हसून म्हणाला, अरे, माणसाला स्वतःच्या घरात घाण करायचा तरी हक्क ठेवा. मीही एक मुद्दा काढला की वासाला मालक नसतो, वारा आणतो त्याला घरमालक काय करणार. सगळ्यांनी टाळ्या दिल्या. हातातलं हाड चोखताना त्या टाळ्या किती गोड वाटल्या होत्या, आणि आता लिहिताना स्वतःचीच किळस येते आहे.

लायलच्या घरून टेसाला फोन केला. या डोंगरावर फोन लागतो तो तिथेच. वासाबद्दल नाही बोललो. ये म्हटलं. एक जुलैला निघते म्हणाली.

२१ जून
नळात टकटक होते. मला आधी वाटलं नळीत हवा अडकली असेल. पण थांबून थांबून होते, आणि मी भांडं आपटलं की पलीकडून जोरात होते.

लायलला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, हो, आम्हीही ऐकलंय. एव्हरेटच्या तळघरात झरा आहे, तिथल्या दगडी हौदातून तुझी नळी येते, तोच वाजवत असेल. मी म्हटलं, अरे मग जिवंत आहे तो, मदत मागतोय. यावर लायल म्हणाला की टकटक म्हणजे शब्द नाही. एव्हरेटच्या आईला डॉक्टरांनी तिच्या मनाविरुद्ध खाटेला बांधून जगवलं होतं. तेव्हापासून तो सगळ्यांना बजावून बसलाय, मी ओरडलो, रडलो तरी यायचं नाही. 'ये' म्हटलं तरच. हे सांगताना लायलच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी. त्याचीच जास्त भीती वाटली.

२२ जून
पाण्याला तेलकट तवंग. पेल्याच्या तळाशी पांढरा केस.

दिवसभर ओकतोय.

२३ जून
गेलो. न विचारता गेलो.

दार नुसतं लोटलेलं. माश्या इतक्या की तोंड मिटून चालावं लागलं. तळघराची पायरी कुजलेली होती, मोडली, आणि गंजका खिळा माझ्या पोटरीत घुसला. एव्हरेट हौदात पडलेला. कमरेपर्यंत पाण्यात. लकव्याने अर्धं तोंड ओघळलेलं, जीभ बाहेर, एक हात मेलेला, दुसऱ्या हातात चमचा. चमच्याने तो नळी वाजवत होता. पाण्यातला पाय काळा पडून सुटत आला होता. कातडीची चिंधी नळीच्या तोंडाशी अडकून हलत होती. हे पाणी मी प्यालो. याच पाण्याची कॉफी केली.

डोळे जिवंत होते. 'ये' म्हणायला तोंड करत होता, नुसती लाळ येत होती. मला एकट्याला तो उचलेना. काखेत हात घातला तर कातडी हातात आली.

बाहेर पळालो तर सगळे धोंड्याशी उभे. मी बोंबललो, उचलायला या, जिवंत आहे, दवाखान्यात फोन करा. लायलने एवढंच विचारलं, त्याने ये म्हटलं का? मी म्हटलं, त्याला बोलता येत नाही. लायल म्हणाला, मग नाही म्हटलं.

२४ जून
शिक्षा म्हणून कुणी हात उगारला नाही. भली माणसं आहेत ना. फक्त प्रत्येकाने आपापल्या जमिनीवरून जायची परवानगी काढून घेतली. माझ्या खोलीभोवती चहूकडे कुणाची ना कुणाची जमीन. रस्त्याला लागायचं तर लायलच्या शेतातून. तो धोंड्यापलीकडे खुर्ची टाकून बसलाय, मांडीवर बंदूक. मी पाऊल टाकलं तशी त्याने ती उचलली आणि अगदी मायेने म्हणाला, नको रे गॅरेट, मला करायला लावू नकोस. शेजारी कोरीन शेंगा सोलत होती.

टेसाला कळवायलाच हवं, येऊ नकोस म्हणून. फोन लायलच्या घरी. त्याला म्हटलं, निदान तू सांग. तो म्हणाला, नवराबायकोच्या मध्ये पडणारा मी कोण.

२६ जून
टकटक थांबली.

पाणी आता दाट येतं. दुसरं पाणी नाही. फडक्यातून गाळून, नाक दाबून प्यालो. जिभेवर काहीतरी मऊ राहिलं. गिळलं.

२८ जून
पोटरी फुगली, हिरवट, घाण वास. माझ्याच अंगाला तो वास. सकाळपासून जबडा अवघडलाय. चमचा जेमतेम आत जातो.

२९ जून
दात उघडत नाहीत. मान ताठ. जरा आवाज झाला की पाठ धनुष्यासारखी वाकते, हाडं मोडतील असं वाटतं. धनुर्वात. खिळा—

माझ्या धोंड्याशी येऊन हाका मारतायत. पाळीपाळीने. गॅरेट, आत येऊ का? घशातून नुसता घुरघुराट. टोपीला हात लावून गेले.

३० जून
कोरीनने माझ्या धोंड्यावर ॲपल पाय ठेवली. वास इथवर.

टेसा, येऊ नको. येऊ नको. तुलाही ते—

१ जुलै
गाडी. रेनचा आवाज.

जमिनीवर पडलोय, उठवत नाही. दाराच्या फटीतून दिसतंय. लायल टोपी काढून टेसाला समजावतोय. म्हणतोय, तो तीन दिवस कुणाशी बोललेला नाही, त्याचा निर्णय आहे, आम्ही मान ठेवतो. ती ऐकतेय. मान हलवतेय. टेसा, वास येत नाही का तुला

हाक मारली तिने. गॅरेट, आम्ही आलोय, येऊ का?

दात मोडले तरी चालतील. उघडत नाहीत

परत मारली. थांबलीय. रडतेय पण थांबलीय

रेन धावली— टेसाने दंड धरून मागे ओढलं. सांगतेय तिला, बाबा ये म्हणाला नाही ना, मग नाही जायचं सोन्या. लायल म्हणतोय, शहाणी आहेस बाई

वळल्या. गाडीकडे नाही. वर, लायलच्या घराकडे. राहणार इथे

ये
टेसा ये
ये ये ये
रेन ये ये य—