बॉयलर पूजेचा पाट

३ ऑक्टोबर
साखर कारखान्याच्या बॉयलर पूजेला यंदा आमचं जोडपं बसणार. मीटिंगमध्ये ठरलं. इतकी वर्षं हा मान संचालक गेणबानं घरातच ठेवला होता. सत्यनारायणाची कथा, आरती. पाटावरून उठायचं नाही. त्यात काय!
घरी लीलाबाईनं विचारलं, जमंल का बसायला? बायकोला भलत्याच शंका. मला लघवीचा त्रास नाही. हवाच तशी आहे.

६ ऑक्टोबर
तिच्या हट्टापायी बारामतीत डॉक्टरांना दाखवलं. प्रोस्टेट वाढलंय म्हणे. वयानं पुरुषी हार्मोन कमी होतो, पण ग्रंथीतले रिसेप्टर मिळेल तेवढा धरून ठेवतात आणि ग्रंथी फुगत जाते. म्हणजे ह्या वयातही आपलं इंजिन चालू आहे! फार बरं वाटलं.
गोळ्या दिल्यात. एक हार्मोनचा जोर कमी करते. ती घेणार नाही. दुसरीनं चक्कर येऊ शकते. तीपण नको.

१० ऑक्टोबर, दुपार
गेणबासोबत भिगवणला गेलो. वाटेत गाडी थांबवली, ऊस बघायला. थोडं पुढं परत थांबवली. तोही ऊसच. गेणबा हसायला लागला. त्याला इंजिनाचं सांगितलं. तो म्हणाला, दादासो, पूजेला आमी नवरा-बायको तयारीनं येतो, लागलंच तर. जळतोय. जळू दे.

१४ ऑक्टोबर
सराव सुरू. मी पाटावर, लीलाबाई समोर पोथी वाचतीय. पहिल्याच अध्यायात उठलो. फोन आला होता. कुणाचा ते आठवत नाही.

१९ ऑक्टोबर
उद्या पूजा. तिनं नवं लुगडं घेतलंय. अख्ख्या कन्हेरी गावाला सांगून झालंय. मधेच उठलो तर पाटावर गेणबा. चहा बंद, पाणी बंद. पहाटेपासून धरून ठेवायचं, म्हणजे अंगाला वळण लागेल. शिंका येतात म्हणून मेडिकलमधून सर्दीची गोळी आणून घेतली.

२० ऑक्टोबर, सकाळ
मस्त धरलंय. निघायच्या आधी एकदा जाऊन आलो. काहीच नाही. रिसेप्टर वठणीवर आले म्हणायचे.
परत गेलो. थेंब नाही. पोट दगडासारखं झालंय. धोतर नेसवत नाही. लीलाबाई तयारीला पुढं कारखान्यावर गेलीय, म्हणून ऋषिराजला हाक मारली. पोरगा गाडी काढतोय.

२० ऑक्टोबर, संध्याकाळ
दवाखाना. नळी घातली. पिशवी कॉटला लटकतीय. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चालू होत्या ना? मी सर्दीच्या गोळीचं सांगितलं. तिनंच लघवी अडली म्हणून चांगलंच झापलं.
लीलाबाई थेट कारखान्यावरून आली, नव्या लुगड्यात. पाटावर गेणबा बसला का, हे विचारायचा धीर होईना. शेवटी विचारलंच. नाही म्हणाली. भटजींनी सांगितलं, नवरा हजर नसला तर त्याच्या जागी सुपारी ठेवतात. माझ्या पाटावर सुपारी ठेवली, हिनं सगळी पूजा केली. संचालक, अधिकारी, सगळे पाया पडून गेले.
मी म्हणालो, म्हणजे मान आपल्याच घरात राहिला.
"ऱ्हायला की," ती म्हणाली. "सुपारी लई गुमान बसली. एकदाबी उठली न्हाय."